सरस्वती उतारावर

सुनंदा गेली तो शनिवार होता. शनिवारी सकाळी आमच्या गॅरेजमध्ये मराठी पुस्तकांची लायब्ररी उघडायची. त्या दिवशी उघडली नाही.

मी हॉस्पिटलमधून घरी आलो तर ड्राइव्हवेमध्ये एक गृहस्थ दोन दिवाळी अंक काखेत धरून उभे होते.

"काकू नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," मी म्हणालो.

"मग थांबतो थोडा वेळ."

मी त्यांना आतून खुर्ची आणून दिली. ते बसले. कुणी काही सांगितलं नाही तर माणूस किती शांतपणे वाट बघू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि पुढे बराच काळ स्वतः करून बघितलं.

अमेरिकेतल्या सनीव्हेलमधलं ते भाड्याचं घर. गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही, कारण आत सुनंदाची पुस्तकं होती. नियम एकच: पुस्तक खराब करून आणणाऱ्याला पुढचं पुस्तक नाही. (भल्याभल्या इंजिनियरांना तिने वरणाच्या एका डागासाठी महिनोन्‌महिने वाचनापासून वंचित ठेवलेलं आहे.) पण खरी गंमत मांडणीत होती. ती पुस्तकं माणसांसारखी बसवायची. "हे दोघे हयातीत एका व्यासपीठावर आले नाहीत, मी त्यांना एका फळीवर कशी बसवू?" असं म्हणून दोन कवी गॅरेजच्या दोन टोकांना ठेवले होते. एक बाई आयुष्यभर एकट्या राहिल्या म्हणून त्यांना खिडकीपाशी जागा. बायकोला छळणारा एक थोर कादंबरीकार होता, त्याच्या दोन्ही बाजूंना तिने स्त्रियांची आत्मचरित्रं दाटून बसवली होती. "राहू दे दोघींच्या मधे! ऐकू दे जरा!"

मी एका चिप बनवणाऱ्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचो. जगात कुणीही न वाचणारं साहित्य निर्माण करण्यात माझी हयात गेली. मी एकदाच सुचवून पाहिलं होतं, की पुस्तकं अकारविल्हे लावू या, शोधायला सोपी पडतील.

"माणसं अकारविल्हे राहतात का?" तिने विचारलं होतं. तो विषय तिथेच संपला.

आता ती नव्हती आणि आमची मुग्धा मला लॉस एंजलिसजवळ, तिच्या घरी न्यायला आली होती.

"बाबा, यू कान्ट लिव्ह हिअर अलोन विथ अ गॅरेज," ती म्हणाली. "आणि पुस्तकं आपण डोनेट करू या ना. सीरियसली, कोण वाचणार?"

मी म्हणालो, मी येतो. कपडे नेले नाहीत तरी चालेल. पण पुस्तकं सगळी येतील, आणि ती जशी लावली होती तशीच तिथे लागतील. सुनंदाच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे राहिलं नव्हतं. फ्रीजमधला शेवटचा मुरांबासुद्धा समाचाराला आलेल्यांनी (प्रेमाने, पोळीबरोबर) संपवला होता. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने खोकी आणली. फळीवरचा क्रम जराही न मोडता मी पुस्तकं भरली, खोक्यांवर आकडे टाकले. त्या दिवसांत एवढं एकच काम मी नीट केलं.

शेजारी राहणारा पराग पुण्याचा. त्याने ट्रेलर ओढायला आपली भलीमोठी एसयूव्ही देऊ केली.

"मला सवय नाही रे," मी म्हणालो. "वाटेत मोठा घाट आहे ना?"

"काका, टेन्शनच घेऊ नका यार. व्ही-एट इंजिन आहे, ऑटोमॅटिक आहे. दांडा डी मध्ये टाका आणि विसरून जा!"

त्या दिवसांत मला सगळेच विसरून जायला सांगत होते. पण कशात टाकून, हे सांगणारा पराग पहिलाच.

भाड्याचा ट्रेलर आला. त्याच्या आतल्या भिंतीवर एक चित्र होतं: जड सामान पुढे, गाडीच्या बाजूला, हलकं मागे. इतकं स्वच्छ चित्र, की मला व्यवसायबंधूचा अभिमान वाटला. पुस्तकांहून जड आमच्या घरात काही नव्हतं. मी पहिलं खोकं उचलून अगदी पुढे, तळाशी ठेवलं.

"हे काय करून राहिले तुम्ही, माधवराव?"

कुमुदताई. सुनंदाची थोरली बहीण. आजारपणात नागपूरहून आल्या होत्या आणि आता आमच्याबरोबर मुग्धाकडे येणार होत्या.

"पुस्तकं पुढे ठेवतोय, ताई. तसा नियम आहे."

"आणि त्याच्यावर काय ठेवणार?"

"गाद्या, भांडी... ते चपलांचं खोकं."

कुमुदताईंनी छातीवर हात ठेवला. "सरस्वतीच्या डोक्यावर चपला?"

"चपला खोक्यात आहेत, ताई."

"खोक्यात ठेवल्या म्हणजे त्या चपला राहत नाहीत का?"

(या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. उत्तर नाही.)

"मावशी, इट्स फिजिक्स," मुग्धा म्हणाली.

"फिजिक्स कशातून शिकली तू? पुस्तकातूनच ना? मग गप."

मी वाद घातला नाही, याला कारण कुमुदताईंचं नाक. ते हुबेहूब सुनंदाचं आहे. त्या नाकासमोर मी इतक्या वर्षांत एकही वाद जिंकलेला नव्हतो, आणि आता जिंकण्याची इच्छाही नव्हती. तेव्हा ठरलं असं: पुढे गाद्या, उशा आणि रजया. मधे भांडी आणि चपला. सगळ्यांत मागे, दाराला लागून, जेवणाचं टेबल आणि त्या टेबलावर, उंचावर, कशाचाही स्पर्श नाही अशी, समस्त मराठी सारस्वताची खोकी. भिंतीवरचं चित्र आमच्याकडे बघत राहिलं. ट्रेलर शेपटीवर बसला आणि परागच्या गाडीची मागची बाजू बखोटीला धरल्यासारखी किंचित वर उचलली गेली.

दाराला लावायच्या कुलपाची किल्ली मी नीट ठेवली होती, त्यामुळे ती सापडली नाही. कडी मी सुतळीने बांधली. सुनंदा दिवाळी अंकांचे गठ्ठे बांधायची तीच सुतळी. मग कुमुदताईंनी बॉनेटला कुंकू लावलं, आणि नारळ फोडायला आसपास दगड नसल्याने गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा लोखंडी गोळा निवडला. नारळ एका फटक्यात फुटला. परागने डोळे मिटून घेतले होते.

पहिले काही तास काहीच झालं नाही. सपाट खोरं, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा. मी डी मध्ये टाकलं होतं आणि विसरण्याचा प्रयत्न करत होतो. ट्रेलर मागून अधूनमधून मान हलवायचा, तेवढंच. एसी जोरात होता आणि मागच्या सीटवर कुमुदताई शालीत गुरफटून जप करत होत्या.

मग समोर डोंगर उभे राहिले, आणि रस्त्याच्या कडेला पाटी आली: इंजिन तापू नये म्हणून एअर कंडिशनर बंद करा.

"ऑगस्टमध्ये?" मुग्धा म्हणाली. "दे मस्ट बी किडिंग."

मी बंद केला. चढ सुरू झाला आणि परागची ऑटोमॅटिक गाडी विचारात पडली. ती मोठ्याने ओरडून खालचा गियर घ्यायची, मग 'जाऊ दे' म्हणून वरचा घ्यायची, मग पुन्हा ओरडायची. पुस्तकं घर सोडायला तयार नसावीत तशी मागे ओढत होती. टोमॅटो भरलेला एक ट्रक हळूहळू आमच्या बरोबरीला आला, पुढे गेला, आणि त्यातले टोमॅटो वळून वळून आमच्याकडे बघत राहिले. तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघाला.

"मुग्धा, हीटर लाव."

"व्हॉट?"

"हीटर. फुल. इंजिनची गरमी आत येते म्हणजे इंजिन थंड होतं."

"बाबा, आय ॲम ऑलरेडी मेल्टिंग!"

"लाव ग."

आत भट्टी पेटली. माझा चष्मा घामाने घसरून नाकाच्या टोकावर आला. मुग्धाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर बाहेर आतल्यापेक्षा जास्त गरम होतं म्हणून परत घेतलं. मागून मात्र शाल बाजूला झाल्याचा आवाज आला.

"आत्ता कुठे बरं वाटून राहिलंय," कुमुदताई म्हणाल्या. "आल्यापासून मी इथे नुसती कुडकुडते. सुनंदाला कधी सांगितलं नाही."

काटा थांबला. आम्ही माथ्यावर पोचलो. मला एकदम सुनंदाला सांगावंसं वाटलं, की बघ, जमलं. मी बाजूला वळूनसुद्धा पाहिलं. तिथे मुग्धा टिश्यूने मान पुसत होती.

आणि मग उतार आला.

तिथे एक विचित्र प्रकार आहे. जाणारा आणि येणारा रस्ता डोंगरात एकमेकांच्या जागा बदलतात, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाड्या अमेरिकेसारख्या डावीकडून न दिसता उजवीकडून दिसतात.

"हे बरोबर आहे," कुमुदताई म्हणाल्या. "आपल्याकडच्यासारखं."

त्यांचं ते वाक्य मला भोवलं. मी मूळचा साताऱ्याचा. वडिलांच्या जीपवर घाटात गाडी शिकलो. उजवीकडून येणाऱ्या गाड्या, डोंगर, वळण, आणि माझ्या डोक्यात वडिलांचा आवाज: गियर खाली घे! पण परागच्या म्हणण्याप्रमाणे या गाडीत गियर हा विषयच नव्हता. मी ब्रेक दाबत राहिलो. गाडी वेग घेत राहिली. मागून हळूहळू वास येऊ लागला.

"फोडणी करपली कुणाची तरी," कुमुदताई म्हणाल्या.

"ब्रेक्स, मावशी! दोज आर द ब्रेक्स!" मुग्धाने ग्लव्ह बॉक्स उघडला. परागने साठवलेली केचपची पाकिटं तिच्या मांडीवर सांडली आणि त्याखालून गाडीची माहितीपुस्तिका निघाली. ती भराभरा पानं उलटू लागली. "टोइंग... टोइंग... बाबा! इट सेज, लांब उतारावर डी वापरू नका, लोअर गियर घ्या!"

"कुठल्या पानावर आहे?" मी विचारलं.

(आयुष्यभराची सवय. शिवाय मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इतकी महत्त्वाची सूचना कुणी आत दडवून ठेवत नाही.)

"बाबा!!"

तेवढ्यात ट्रेलर डोलला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. आरशात मला तो एकदा माझ्या बाजूने आणि एकदा मुग्धाच्या बाजूने पुढे डोकावताना दिसला. शेपटीवर बसलेलं सगळं सारस्वत झुलू लागलं होतं आणि आता ते गाडीला झुलवत होतं. माझा डावा पाय, जो या देशात इतकी वर्षं रिकामा बसून होता, खडबडून जागा झाला, क्लच शोधायला निघाला आणि त्याला ब्रेक सापडला. दोन्ही पाय ब्रेकवर! ट्रेलरने एक गिरकी घ्यायचं ठरवलं.

"राम राम राम राम," मागून.

"देअर! बाबा, देअर!" मुग्धाने बोट दाखवलं.

ज्या ट्रकचे ब्रेक जातात त्यांच्यासाठी तिथे रस्त्याच्या बाजूला गोट्यांएवढ्या खडीचा एक लांब पट्टा केलेला आहे. ट्रक त्यात शिरला की चाकं रुततात आणि तो थांबतो. आमचा ट्रक नव्हता, पण बाकी पात्रता पूर्ण होती. मी गाडी आत घातली.

मोठा, खळखळता आवाज झाला. मग गाडी पुढून खाली बसली आणि सगळं थांबलं. धूळ. शांतता. हीटर तेवढा अजून चालू होता.

"लागलं का कुणाला?" मी विचारलं.

कुणाला काही झालं नव्हतं. कुमुदताईंनी डोळे उघडले. "पोचलो का?"

मी उतरून मागे गेलो. सुतळी तुटली होती. दार उघडं होतं. पुस्तकं दारालाच लागून असल्यामुळे सगळ्यांत आधी तीच बाहेर पडली होती. फुटलेली खोकी, आकडे घातलेले पुठ्ठ्यांचे तुकडे, आणि खडीवर दूरवर पसरलेली पुस्तकं. पालथी, उताणी, उघडी. गाद्या आणि उशा पुढे अगदी सुरक्षित होत्या. चपलांचं खोकं जागचं हललंसुद्धा नव्हतं.

मला वाटलं, कुमुदताई आता काहीतरी बोलतील. त्या खडीच्या कडेशी आल्या. पायांतल्या चपला काढल्या, बाजूला जोडून ठेवल्या, आणि त्या तापलेल्या खडीत अनवाणी शिरून वाकल्या. पहिलं पुस्तक उचलून पदराने पुसलं आणि कपाळाला लावलं.

मुग्धा बघत राहिली. मग तिने बूट काढले. मोजे काढले. "आऊ, आऊ, आऊ," करत तीही आत गेली. मग माझाही नाइलाज झाला.

हायवे पोलिसाची गाडी आली तेव्हा त्याला दिसलं ते हे: ट्रकच्या खडीत रुतलेली, बॉनेटवर लाल ठिपका असलेली एसयूव्ही, आणि तीन अनवाणी माणसं पुस्तकं वेचत उड्या मारताहेत. तो बराच वेळ लांबच उभा राहिला.

"सर, धिस रॅम्प इज फॉर ट्रक्स."

"आय नो," मी म्हणालो.

"ट्रेलरमध्ये काय आहे?"

"लिटरेचर."

"व्हाय इज नोबडी वेअरिंग शूज?"

"बिकॉज ऑफ द बुक्स," मी म्हणालो. माझ्या मते हे उत्तर पुरेसं होतं. त्याने मला सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. तापलेल्या खडीवर, अनवाणी! मी ज्या पद्धतीने चाललो ते पाहून माझ्या घरच्यांनाही शंका आली असती. शेवटी मुग्धाने त्याला बाजूला नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्याने टोपी काढली, टो-ट्रक बोलावला, आणि टो-ट्रक येईपर्यंत रस्त्याच्या कडेपर्यंत उडालेले दिवाळी अंक गोळा करत राहिला. कुमुदताईंनी त्याला लाडू दिला.

पुस्तकांचा ढीग झाला. मुग्धा पुढ्यात बसून पाठीवरची नावं अक्षर लावून वाचू लागली.

"बाबा, हे कुणाच्या शेजारी होतं?"

ते मला आठवलं. पुढचंही आठवलं. बायकोला छळणारा तो कादंबरीकार मिळाला. त्याच्या एका बाजूची बाई सापडली, दुसरी कोण होती ते सुचेना. मुग्धाने हातात चौथं दिलं, पाचवं दिलं. मी ते धरून उभा राहिलो. ती फळी मला दिसत होती. तिच्यापुढे पाठमोरी उभी असलेली सुनंदाही दिसत होती. पुस्तकांची नावं दिसत नव्हती.

"खोक्यांवर आकडे होते," मी म्हणालो. "मी सगळे आकडे टाकले होते."

"राहू द्या, माधवराव," कुमुदताई म्हणाल्या. "ती तिची गंमत होती. तुम्ही लावली तरी तिची थोडीच होणार आहे?"

माझ्या डोळ्यांत खडीची धूळ गेली होती. त्या दोघींच्याही गेली असावी.

पुन्हा सामान भरताना पुस्तकं पुढे, तळाशी गेली, आणि त्यांच्यावर फक्त उशा. "उशी चालते," कुमुदताई म्हणाल्या. "उशीवर डोकं ठेवतात, पाय नाही." चपलांचं खोकं त्यांनी स्वतः मांडीवर घेतलं. इतका साधा तोडगा सनीव्हेललाच कुणाला का सुचला नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही. ब्रेक निवल्यावर मुग्धाने गाडी घेतली, खालच्या गियरमध्ये टाकली, आणि आम्ही एखाद्या अंत्ययात्रेच्या वेगाने उरलेला उतार उतरलो.

परागला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, पण डी मध्ये टाकली होतीत ना?" मी म्हणालो, हो, तेवढं मला जमलं होतं.

मुग्धाच्या गॅरेजमधून तिची गाडी बाहेर निघाली आणि रॅक आत आले. डोनेट करण्याचं पुन्हा ती बोलली नाही. मी पुष्कळ दिवस मांडणी करून पाहिली, मोडली, पुन्हा केली. शेवटी एका रविवारी तिने माझ्याकडून क-ख-ग म्हणवून घेतलं, स्वतःच्या हातावर पेनने लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी पुस्तकं लावून टाकली.

आता पुस्तकं अकारविल्हे आहेत. हयातीत एकमेकांशी न बोललेले ते दोन कवी एकाच अक्षराचे निघाले, ते खांद्याला खांदा लावून बसतात. खिडकीपाशी पाकशास्त्र आलं आहे. तो कादंबरीकार आणखी दोन कादंबरीकारांमध्ये मजेत आहे. कुठलंही पुस्तक उघडलं की अजून खडी पडते.

शनिवारी सकाळी मी गॅरेजचं दार वर करतो. लायब्ररीला सध्या एकच सभासद आहे. पुस्तक खराब करणाऱ्याला पुढचं पुस्तक नाही हा नियम मी बदललेला नाही, आणि सगळी पुस्तकं खडीत पाडली ती त्यानेच, त्यामुळे त्याला काही मिळत नाही. तो आतून खुर्ची आणतो आणि थांबतो थोडा वेळ.